पुन्हा विचारा, बहनजी

साधनाला शाळेत घालायचं ठरलं तेव्हापासून अंजनाने लेकीला काय काय शिकवलं नव्हतं! बापाचं नाव विचारलं तर नुसतं 'बाबा' न म्हणता 'श्री प्रेमलाल' म्हणायचं, आकडे हिंदीत म्हणायचे, मोराची कविता दम लागला तरी मध्येच सोडायची नाही, आणि नाक पुसायचंच झालं तर रुमालाने, फ्रॉकच्या झालरीने नाही. फ्रॉक नवा होता. झालर तर जरा जास्तच नवी होती. सगळी तयारी झाली. फक्त सासूने, गोदाबाईने, पोरीला त्याआधीच काय शिकवून ठेवलंय, ते अंजनाच्या ध्यानात राहिलं नाही.

गोदाबाईची शिकवण एकच, पण पक्की. परक्याच्या घरी कोणी काही देऊ केलं, तर आधी 'नको' म्हणायचं. पुन्हा विचारलं तरी 'नको'. समोरच्याने मनापासून आग्रह केला, तरच हात पुढे करायचा. "टाकलेलं लई घेतलं आपल्या लोकायनं," ती नातीला सांगे, "आता मानानं देल्लेलंच घ्याचं." धम्मदीक्षा घेतल्यापासून तर हा तिने घराचा कायदाच करून टाकला होता.

साधनात तो इतका मुरला होता की अंजनाबरोबर शेजारच्या मैनाबाईकडे बारशाला गेली, तेव्हा घुगऱ्यांना 'नको, नको' म्हणत पोरगी उपाशीच परत आली. त्यावर गोदाबाई पदर खोचून भांडायला गेली. "काहून वं मैना, लेकराले जरा आग्रह बी करता येत नाही तुले?" मैनाबाईने वाटीभर घुगऱ्या घरी आणून दिल्या, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.

आता शाळेचं. नगरपालिकेची शाळा घराजवळ होती, फुकट होती. "थेच बरी," असं प्रेमलालचं म्हणणं. तो आरामशीनवर कामाला होता. दिवसभर साग चिरून घरी यायचा तेव्हा भुवयांवरसुद्धा भुसा असायचा. पण अंजना वळलेल्या विड्या पोचवायला जायची, त्या रस्त्यावर एक फीवाली शाळा लागायची. कुंपणापलीकडे मुलांबरोबर मुलीही मोठमोठ्याने वाचत असायच्या आणि अंजना टोपली डोक्यावर धरून तिथेच खिळायची. तिला स्वतःला सहीपुरतंच येत होतं.

"फी माह्या विड्याची," तिने नवऱ्याला सांगून टाकलं. "तुमी फक्त धुतलेला शर्ट घालून चला."

त्या शाळेच्या बडी बहनजी, मुख्याध्यापिका, म्हणजे कमलाजी. हिंदी बोलणाऱ्या, ताठ मानेच्या. त्यांचा नियम साऱ्या बालाघाटला ठाऊक होता: ज्या लेकराला स्वतःला यायचंय त्यालाच घ्यायचं, ओढून आणलेलं नको. मुलाखतीच्या दिवशी साधनाच्या आधी किरनापूरच्या एका दुकानदाराचा मुलगा आत गेला. त्याने दाराची चौकट धरून असं भोकाड पसरलं, की बहनजी एवढंच म्हणाल्या, "अगले साल लाइए." बापाने आधी पोराला चौकटीपासून सोडवलं, मग मान डोलावली.

साधना रडली नाही. आकडे धडाधड म्हणाली, मोर शेवटपर्यंत नाचवला, 'श्री प्रेमलाल' तर असं म्हणाली की श्री प्रेमलालांनाच क्षणभर ओळख पटेना. बहनजी खूश झाल्या. त्यांनी पेपरमिंटची बरणी पुढे केली.

"नहीं जी."

"वाह! लालची नहीं है." प्रेमलाल खुर्चीत जरा रुंद झाला.

"अच्छा बेटा, हमारे यहाँ पढ़ोगी?"

"नहीं जी."

प्रेमलाल पुन्हा अरुंद झाला.

"क्यों? अच्छा नहीं लगा? पढ़ोगी ना?"

"नहीं जी," साधना अगदी अदबीने म्हणाली.

बहनजींनी पेनाला टोपण लावलं. "अगले साल लाइए."

"चाल," प्रेमलाल कुजबुजला. "पोट्टीनं नाक कापलं."

अंजना उठली. लेकीचा दंड धरणार, तेवढ्यात तिने तिच्या तोंडाकडे पाहिलं. साधनाची नजर कोपऱ्यातल्या पृथ्वीच्या गोळ्यावर चिकटली होती. पायाची बोटं चपलेत आवळलेली, ओठ गच्च मिटलेले. हे तोंड अंजनाने पाहिलं होतं. मैनाबाईच्या घरी, घुगऱ्यांच्या परातीसमोर!

"बहनजी, रुको!" ती ओरडलीच. "फिरसे पूछो!"

"दो बार पूछ लिया. यहाँ किसी को मनाया नहीं जाता."

"मनाना नहीं जी. आमच्यात... हमारे में लेकरू पहली बार में हौ नहीं बोलता. इसकी आजी ने सिखाया है. कोणी काही देल्लं, तर आग्रह होयेपर्यंत नाही म्हणाचं." आणि मग तिला हिंदी पुरेना म्हणून ती सरळ आपल्या बोलीत म्हणाली, "तुमी तिले शाळा देऊन राह्यल्या न बाई! मंग थे कशी लगेच घेईन?"

प्रेमलाल छताकडे बघत होता, जणू तो या बाईबरोबर आलाच नव्हता.

बहनजींनी पेन खाली ठेवलं. टेबलाला वळसा घालून आल्या आणि एवढी ताठ बाई, पण साधनासमोर उकिडवी बसली.

"आओ ना बेटा. तुम नहीं आओगी तो हमें बिलकुल अच्छा नहीं लगेगा."

साधनाने एकदा आईकडे पाहिलं. हा आग्रहच आहे, अशी तिची खात्री पटली.

"हौ!" ती इतक्या जोरात म्हणाली की व्हरांड्यातला चपराशी आत डोकावला. मग तिने हात पुढे केला. "आन थे गोळी बी."

बहनजी हसायला लागल्या त्या पदर तोंडाला लावेपर्यंत. साधनाला दोन गोळ्या मिळाल्या. एक प्रेमलालला. त्याने एकदाही 'नको' म्हटलं नाही.

घरी आल्यावर अंजना सासूवर तोंडसुख घेणार होती. पण सगळं ऐकून गोदाबाईने हनुवटी वर केली. "मंग? एवढी मोठी बाई खाली बसली न माह्या नातीसमोर? मानानं गेली पोरगी शाळेत." आणि जरा वेळाने, सूप हातात घेऊन, तांदळाकडे बघत म्हणाली, "मले तर वं, कोणी एकदा बी नाही विचारलं."

अंजनाचं सगळं तोंडसुख विरून गेलं.

"आत्याबाई, सोमवारी तिले तुमीच पोचवून द्या शाळेत."

"नाही बापा. माहं काय काम तिथं?"

"चला न. आतपर्यंत जाता येते. वर्ग पाहून घ्या."

"नाही म्हनलं न," गोदाबाई म्हणाली. पण सुपातला हात थांबला होता.

अंजनाने चुलीत लाकूड सारलं, हात पुसले, सासूच्या पुढ्यात येऊन उकिडवी बसली. आणि पुन्हा विचारलं.