भरल्या कापसात

विमानाच्या परीक्षेत मी नापास झाले ती कापसाच्या पऱ्हाटीमुळे, हे घरात सांगायची माझी हिंमत होईना. सांगितलं असतं तर आई हसली असती आणि बाबा हसले नसते. मला दोन्ही नको होतं.

पुढच्या मंगळवारी परीक्षक पुन्हा येणार होते. तोवर इन्स्ट्रक्टरनी मला सौंसरला पिटाळलं. "घरी जा, जेव, झोप, शांत हो," म्हणाले. शांत हो म्हटल्यावर माणूस शांत होतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्यापुढे मी हात टेकले आहेत. घरी येऊन मी जास्तच बिघडले. ताट समोर आलं की घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. आईने वांग्याची भाजी केली, पाटोड्या केल्या, शेवटी वैतागून स्वतःच उपास धरला. नवस कुठला बोलली ते सांगितलं नाही, पण जामसांवलीच्या मारुतीशिवाय तिचं कुठे पान हलत नाही.

दुपारी मी गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत डोळे मिटून बसायचे आणि हवेत हात चालवायचे. इथे थ्रॉटल, इथे इंधनाचा खटका, इथे रेडिओ. सगळे वैमानिक असा सराव करतात. पण समोरच्या घरातले भैय्याजी काका ते रोज बघायचे, आणि एक दिवस त्यांनी आईला गाठलंच. "मालतीबाई, पोरीच्या अंगात येऊन राहिलं का वो?" मी वरूनच ओरडले, "तुमच्याच घरावर उतरवतो आता, काका!" तेवढीच दोन घटका बरं वाटलं.

परीक्षेत एक भाग असा असतो. हवेत असताना परीक्षक अचानक थ्रॉटल मागे ओढतात आणि म्हणतात, इंजिन बंद पडलं. खरं बंद पडलेलं नसतं, नुसतं मंद केलेलं असतं. आपण खाली एखादं वावर निवडायचं आणि विमान तरंगत तरंगत तिकडे आणायचं. आता हे नक्की पोचणार अशी खात्री पटली की परीक्षक "चल वर" म्हणतात. इंजिन पुन्हा जोर धरतं आणि आपण निघून जातो. वावराला चाकही लागत नाही.

त्या दिवशी अगदी खाली लांबलचक, सपाट वावर होतं. पण त्यात पऱ्हाटी उभी होती, बोंडं फुटून पांढरी झालेली. माझी नजर त्यावरून आपोआप पुढे सरकली. पुढे नाल्यापलीकडे एक नांगरलेलं रिकामं वावर होतं, ते मी धरलं. ते दूर होतं. नाल्याकाठच्या बाभळी वर वर यायला लागल्या तेव्हा परीक्षकांनी स्वतः थ्रॉटल पुढे ढकलला. "आपण दोघंही मेलो," ते शांतपणे म्हणाले. "खालचं वावर का नाही घेतलंस?" मी काय सांगणार होते? उभ्या पिकात पाय टाकायचा नसतो म्हणून?

बाबांनी मला आयुष्यात एकदाच मारलं आहे. लहानपणी पतंगामागे धावत मी पऱ्हाटीत शिरले होते. हात धरून बाहेर काढलं, पाठीत धपाटा घातला आणि म्हणाले, "वर्षभर राबलेला माणूस उभा असते तिथं. त्याच्या अंगावर पाय देते का?" त्यानंतर वावराच्या बांधावरून, धुऱ्यावरून चालतानासुद्धा मी ओढणी आवरून चालत आले आहे.

शेवटी सांगितलं ते गाडीवर. रामाकोन्याच्या आमच्या वावरात जात होतो. बाबा पुढे, मी मागे. तोंड दिसत नाही, म्हणून गाडीवर बोलायला सोपं जातं.

"हिमानी, नेमकं कुठं चुकली तू?" त्यांनी विचारलं.

मी सांगून टाकलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"भरल्या कापसात उतराचं होतं?"

"हाव."

"दुसऱ्याच्या?"

"दुसऱ्याच्याच नं, बाबा. तिथं आपलं वावर कुठं आहे?"

"अन् नाई उतरली तं?"

"तं मरतो. दोघंबी."

त्यांनी गाडीला किक मारली. वावर येईपर्यंत एक शब्द नाही. मला वाटलं, रागावले. एवढा खटाटोप करून विमान शिकायला पाठवलं आणि पोरगी कापसाला घाबरून आली म्हणून रागावले. त्या रात्री माझा डोळा लागला नाही.

सकाळी तेच गच्चीवर आले. "खुर्ची सोड. चाल."

लोधीखेड्याच्या रस्त्यावर मधेच ते गरजले, "इंजिन बंद!" मी दचकून पडायचीच बाकी होते. "दाखव नं! कुठं उतरते?" मी एका पडीत वावराकडे बोट केलं. ते गाडी थांबवून उतरले, डोळ्यावर हात धरून नीट पाहिलं आणि निकाल दिला, "नाई पोचत. मेली." बाबा जन्मात विमानात बसले नाहीत, पण माझं मरण मात्र ठामपणे जाहीर करत होते. पुढे मी तुरीपाशी मेले, संत्र्याच्या बागेपाशी मेले. रोज हेच. दर वेळी माझी नजर पिकावरून सरकून रिकामी जागा शोधायची. मंगळवार जवळ येत होता आणि मला काही येत नव्हतं.

रविवारी आमच्याच वावराच्या धुऱ्यावर गाडी थांबली. एका बाजूला संत्र्याची झाडं, दुसऱ्या बाजूला नाला, मधे आमची पऱ्हाटी. वेचणी अजून व्हायची होती.

"इंजिन बंद," बाबा म्हणाले. या वेळी ओरडले नाहीत.

मी पऱ्हाटीकडे पाहत राहिले.

"का पाहून राहिली? तुह्यापाशी टाइम नाई."

"बाबा, हे आपलं..."

"आपलंच आहे. शीर."

माझा पाय उचलेना. मग बाबांनी सवयीने चपला काढून धुऱ्यावर ठेवल्या आणि ते आत शिरले. दोन ओळींमधून नाही, ओळींवरून, आडवे. फांद्या कटाकट मोडत होत्या. फुटलेली बोंडं पायाखाली मातीत जात होती. मधोमध जाऊन ते वळले. चेहरा असा झाला होता की मला बघवेना.

"ये नं वो!" ते ओरडले. "पऱ्हाटी पुढच्या साली पुन्हा येते. तू येते का?"

मी शिरले. रडत रडत, दात आवळून, त्यांच्यावर, त्या परीक्षकांवर आणि स्वतःवर चिडून मी ती झाडं तुडवत गेले. बाबांपाशी पोचले तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला. घरी आईने त्यांच्या पँटला चिकटलेला कापूस वेचून काढला आणि काहीच विचारलं नाही.

मंगळवारी भीती गेलेली नव्हती. वर गेल्यावर परीक्षक बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले आणि मग सहज हात पुढे करून त्यांनी थ्रॉटल ओढला. "इंजिन गेलं."

विमान एकदम गप्प झालं. नाक खाली घेतलं, वेग धरला. खाली संत्र्याची बाग होती, विजेच्या तारा होत्या, आणि एक पांढरं वावर. त्याच्याही पुढे एक मोकळं, काळंभोर, नांगरलेलं. नजर निघाली तिकडे. मी स्वतःशीच म्हणाले, नाई पोचत. मेली.

"कापसात," मी मोठ्याने म्हणाले.

"नक्की?"

"नक्की, सर."

वळले. वावर मोठं मोठं होत गेलं. पुढे पुढे ओळी वेगळ्या दिसायला लागल्या. कमरेला ओटी बांधून वेचणारी एक बाई मान वर करून बघत उभी राहिली. माझा हात हलला नाही.

"चल वर," परीक्षक म्हणाले.

उतरल्यावर त्यांनी हात मिळवला. हँगरच्या सावलीत बसून मी घरी फोन लावला.

"बाबा, पास झाली."

त्यांनी विचारलं, "कोणाचं वावर होतं?"

"म्हणजे?"

"ज्याच्यात उतरली त्याचं. नाव विचारून ठेव. मी उद्या येतो, त्याच्यापुढं हात जोडतो. जेवढा मोडला असन तेवढा कापूस आपल्या घरचा नेऊन देतो. तू नको जाऊ, लोकं बोलतीन तुले."

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. "बाबा," मी म्हणाले, "परीक्षेत खरं नसते उतरत. वरूनच वापस जातो. एक बोंडबी नाई मोडलं."

इतके दिवस या माणसाने कोणा अनोळखी शेतकऱ्याचं उभं पीक माझ्यासाठी मनातल्या मनात मोडून ठेवलं होतं, आणि त्याच्या दारी जाऊन उभं राहायचीही तयारी केली होती. मला हुंदका आवरेना.

"मंग मी आपला कापूस काहून तुडवला वो?" बाबा म्हणाले. "सांगाचं नाई का आधी?" आणि थोडं थांबून, हळूच, "बरं झालं नाई सांगितलं."