थांबायची ओळ

चाचणीच्या खोलीला खिडकी नव्हती, आणि छोटीला तिथे बसवून चौदा महिने झाले होते. बसवलं होतं तिच्या सख्ख्या भावानं. ऑफिसात तो टीमचा प्रमुख, घरी दादा, आणि दोन्हीकडे त्याचं म्हणणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

भानगड एका ओळीची होती. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात एक यादी होती, आणि यंत्रावर चालणारी शेकडो कामं ती एकाच वेळी वाचत. वाचणारे कुलूप लावत नसत. लावलं असतं तर रांग लागली असती. म्हणून नियम असा, की यादीतून नोंद काढली तरी तिची मेमरी लगेच मोकळी करायची नाही. जे आधीपासून ती वाचताहेत, त्यांचं वाचून होईपर्यंत थांबायचं, नाहीतर वाचता वाचता नोंदच नाहीशी होते आणि यंत्र कोसळतं. ही थांबायची ओळ छोटीनं लिहिली होती. वेग वाढवायच्या नादात दादानं ती उडवली, तिला न विचारता. दीड महिन्यात गिऱ्हाइकाची यंत्रं कोसळली, तेव्हा भर बैठकीत हा गृहस्थ म्हणाला, "कोड छोटीचा आहे."

ती बोलणार होती. पण दादानं आदल्या दिवशीच आईला गाठून ठेवलं होतं, आणि आईनं डोळ्यांत पाणी आणून "घरातलं भांडण चव्हाट्यावर नको गं" म्हटलं होतं. तिची खुर्ची खिडकीजवळून चाचणीच्या खोलीत हलवली गेली, तरी छोटीनं शब्द गिळले. ते तिला अजून पचले नव्हते.

दादाची दुरुस्ती काय, तर नोंद काढणाऱ्यांसाठी आणखी एक कुलूप. वाचणारे कुलपाकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्यांना त्याचं काय! पण बिघाड क्वचित व्हायला लागला, म्हणून मिटला असं ठरलं. आता त्याच कोडच्या जोरावर दादा मुख्य अभियंता होणार होता. फक्त चाचणीची सही हवी होती, म्हणजे छोटीची.

तिनं सही केली नाही. चाचणीत तिनं एका वाचणाऱ्याला नोंद हातात धरून क्षणभर रेंगाळायला लावलं. चौथ्या मिनिटाला यंत्र आडवं झालं. तिला इतका आनंद झाला की स्वतःचीच लाज वाटली. फार नाही, थोडीशी. मग तिनं अहवाल लिहिला, ती ओळ कोणी आणि कोणत्या तारखेला काढली त्याची कोडमधली नोंद जोडली, आणि साडेअकराला अख्ख्या कंपनीला मेल पाठवली.

दहा मिनिटांत दादा दारात हजर, घामानं डबडबलेला.

"छोटे, मेल मागे घे. एका बटणाचं काम आहे. आईचा तरी विचार कर."

"आईचा विचार चौदा महिने केला."

"मग हवंय तरी काय तुला? माझी खुर्ची?"

"माझी. खिडकीजवळची."

"देतो. आजच देतो. आधी ती मेल काढ."

छोटीनं पडद्याकडे बघितलं. तीनशे बारा जणांपैकी एकशे चाळीस जणांनी मेल उघडली होती, आणि आकडा वाढतच होता. तिनं बाजूची खुर्ची ओढली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"काढते ना, दादा. पण सगळ्यांचं वाचून होऊ दे. तोवर थांबायचं असतं."