पानाची खालची बाजू

“फवारायचं की नाही तेवढं सांगा, मावशी. पंपात औषध कालवून ठेवलंय.”

मालकाने तिसऱ्या शेडमधलं काकडीचं पान उलटं करून भिंगमावशीच्या तळहातावर ठेवलं. तिने गळ्यातलं कीड तपासायचं भिंग डोळ्याला लावलं. पानाच्या खालच्या बाजूला बारीक कोळीकिडे दिसायला हवे होते, तिथे नेमका राखाडी डाग होता. डाग पानावर नव्हता. ती जिकडे बघेल तिकडे तो आधीच जाऊन बसलेला असे. कडेकडेचं सगळं दिसे, मालकाचा अंगठा, शेडचं दार, दोरीवर चढलेले वेल. जे बघायचं तेच तेवढं पुसलं जाई. डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आतला पडदाच झिजलाय, चष्म्याचा उपयोग नाही. ही गोष्ट तिने एकट्या नणंदेला सांगितली होती.

नणंद याच शेडांमध्ये काकड्या तोडायची. हंगामभर दोघींनी मिळून निभावून नेलं होतं. पान हातात आलं की मावशी म्हणे, “वन्सं, जरा धरा हो,” आणि पान वाईट असलं की वन्सं खोकत. मालकाने एकदा त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा आणून दिली. वन्संनी ती संपवली. गोड होती, एवढंच त्यांचं मत पडलं.

आत्ता वन्सं आसपास नव्हत्या. रिकामे क्रेट आणायला गेल्या असाव्यात.

“मावशी?”

“बघते ना. पान काय पेपर आहे का, वरवर चाळायला?”

लाल कोळी पानाचा रस शोषतो. त्याला खाणारे मित्रकोळी मावशीनेच या वेलींवर सोडले होते. फवारलं तर दोघेही मरणार, शिवाय औषधाचा अंश उतरेपर्यंत तोडणी बंद. काकड्या वेलावरच जून होणार. फवारलं नाही आणि कोळी माजलेला असला, तर शेडच हातची जाणार. मागच्या खेपेला या शेडचं पान बघताना वन्सं खोकल्या नव्हत्या. तिने तेवढ्यावरच भिस्त ठेवली.

“नका फवारू. आपले कोळी आहेत, खातायत.”

“नक्की?”

“इतक्या वर्षांत अंदाजपंचे सांगितलंय का कधी?”

मालकाच्या कपाळावरची आठी गेली. त्याने तोडणाऱ्या बायकांना हाक दिली, “आज तिसरीपासून लागा, मग चौथी.”

एरवी हंगाम उतरणीला लागला की शिरस्ता वेगळा असे. आधी निरोगी शेड, संशयाची शेवटी. मावशीच्या शब्दावर तिसरी आज निरोगी ठरली होती. कीड माणसाच्या कपड्यांवरून फुकट प्रवास करते, हे मावशीचंच वाक्य. चौथी शेड उशिरा लावलेली, नुकती फळाला आलेली. पुढचं सगळं तिच्यावर होतं. ती गेली तर बायकांना कामच उरणार नव्हतं.

दुपारी मावशी तिसरीतल्या मागच्या ओळीत शिरली. तिथली हवा तापून घट्ट झालेली. पानं बाजूला करताना कोपराखाली काहीतरी चिकटलं. तिने पुसलं. दोन पावलांवर परत चिकटलं. मग तिने डोळे मिटले आणि एका पानाच्या खालून, देठापासून टोकापर्यंत बोट नेलं. टोकाशी बोट अडकलं, दुधावरच्या सायीत अडकावं तसं. वरचं पान तसंच. त्याच्या वरचंही.

जाळं धरायला लाल कोळ्याला गर्दी लागते. मागच्या भिंतीलगत सगळी ओळ भरली होती.

ती तशीच उभी राहिली. उन्हाने कीड भडकली, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. कोणी उलटून विचारलं नसतं. बाहेर क्रेटच्या गाडीची चाकं कुरकुरली. बायका जेवून उठल्या होत्या, त्याच कपड्यांनी चौथीकडे निघाल्या होत्या.

मावशी धावली. धावायचं वय राहिलं नव्हतं, हे तिला दारात पोचल्यावर कळलं.

“थांबा. कोणी आत जायचं नाही.”

सगळ्यांच्या पुढे वन्सं, कडीवर हात. “काय झालं गं वहिनी?”

“तिसरीत कोळ्याने जाळं धरलंय. अ‍ॅप्रन काढा सगळ्यांनी. कडीला हात नका लावू, वन्सं.”

गलका ऐकून मालक आला. “जाळं? सकाळी तर तुम्ही म्हणालात...”

“तिला मीच सांगितलं होतं,” वन्सं मध्येच म्हणाल्या. “पान मी बघितलं, चूक माझी. काय ओरडायचं ते मला ओरडा आणि मोकळे व्हा.”

“वन्सं, तुम्ही तेव्हा क्रेट आणत होतात.”

“तू गप्प बस गं.”

“नाही बसणार.”

मालकाचा चेहरा दिसावा म्हणून ती नेहमी त्याच्या कानाकडे बघे. भिडस्त बाई, असं तो समजत आला होता. आता तिने सरळ त्याच्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा डागाआड गेला.

“मला दिसत नाही,” ती म्हणाली. “सकाळीही दिसलं नव्हतं.”

मालक एक पाऊल पुढे आला.

“कधीपासून?”

“हंगामाच्या आधीपासून.”

“आणि तो यांचा खोकला?”

“औषधाने गेला नाही, तेव्हाच ओळखायला हवं होतंत,” वन्सं म्हणाल्या.

मालकाने पंप तिसरीकडे न्यायला सांगितला. मागची ओळ कापून पोत्यांत भरायची, चौथी आज बंद. मग तो मावशीजवळ आला. “उद्यापासून तुम्ही निवडीला बसा. काकडी तर हाताला कळते.” तो हळू आवाजात बोलला. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

तिने भिंग काढून वन्संच्या हातात दिलं आणि उद्याची वाट न बघता निवडीच्या टेबलाशी जाऊन बसली. सरळ काकड्या एका क्रेटमध्ये, वाकड्या दुसऱ्यात.

ऊन कललं तेव्हा वन्सं अंघोळ करून, कपडे बदलून आल्या. चौथीतलं, दाराजवळचं एक पान खुडून आणलं होतं.

“काय दिसतंय?” मावशीने विचारलं.

“थांब गं, डोळा तर बसू दे. हां. एक बारकंसं आहे. हलतंय.”

“रेंगाळतंय की पळतंय?”

“चांगलं पळतंय.”

“मग आपला तो. आणखी?”

“शिरेच्या कडेला गोल गोल आहे काहीतरी. दवासारखं.”

“लाल कोळ्याची अंडी.”

वन्संनी भिंग खाली केलं. “म्हणजे इथेही आलाच मेला.”

“थोडा आलाय. आपला पोचलाय ना, संपवेल. त्या वेलाला खुणेचा दोरा बांधा आणि उद्या परत बघा.” मावशीचे हात थांबले. “वन्सं, उजेडात धरलंत का पान?”

“नाही. का?”

“उजेडात आतून चमकतात ती. काचेच्या मण्यांसारखी.”

“किडीची अंडी ती. त्यांचं कसलं आलंय कौतुक?”

“तरी बघा जरा.”

वन्संनी पान खिडकीकडे फिरवलं आणि बघत राहिल्या. मावशीने पुढची काकडी उचलली, अंगठ्याने तिचा बाक चाचपला आणि ती वाकड्यांमध्ये ठेवली.