काळा ठसा देणारी कढई

मित्रांनो, जरा कल्पना करा. एक लांबट खोली आहे. मधोमध छपाईचं मोठं टेबल, आणि हवेत उकळलेल्या पानांचा तुरट वास. चुलीवर तांब्याचं पातेलं लखलखतंय. त्याच्याकडे नका बघू! त्याच्यामागे भिंतीला टेकून बसलेली काळी, ओबडधोबड कढई दिसली? ती मी. मी जुनी आहे, लोखंडाची आहे आणि मला दोन्हीची लाज वाटत नाही.

लोहारानं मला ठोकून ठोकून घडवलं. हातोड्याच्या खुणा अजून अंगावर आहेत. या घरी मात्र माझ्या वाट्याला आलं नुसतं धुण्याचं पाणी तापवणं. घरातली आत्या डाळिंबाची पानं उकळून पिवळा रंग करायची, डिंकानं घट्ट करायची आणि लाकडी ठशांनी सुती कापडावर छापायची. तिच्या पिवळ्याचं नाव होतं. लोखंड लागलं की तो काळवंडतो, म्हणून पानं शिजायची तांब्यात. काळवंडतो म्हणे! जणू काळं होणं हा गुन्हाच.

एकदा पातेलं गळू लागलं आणि भोक बुजवायला तांबटाकडे गेलं. डाळिंबाच्या बागेची छाटणी नुकतीच झाली होती. वर्षाची सगळी पानं टोपलीत सुकत चालली होती. आत्याची भाची घरात एकटीच. ती एका जागी ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. पानं वाया जातील म्हणून तिनं ती माझ्यात घातली आणि जाळ लावला.

रंग निवेपर्यंत आत्या परतली, ती मोडकं सामान द्यायला भंगारवाल्याला घेऊनच. माझ्यात डोकावून तिनं कपाळावर हात मारला.

"अगं, वर्षाची पानं चिखलात घातलीस!"

"चिखल नाही, रंग आहे."

"कुठल्या गावचा रंग? ओतून टाक तो. आणि दादा, ही कढई पण घेऊन जा. हिनंच घात केला."

भिंगरीनं माझे दोन्ही कान घट्ट धरले. "आधी एक ठसा. मग न्या."

"कापडाचं वाटोळं करशील!"

"तुझं कापड नकोच मला!" असं म्हणून तिनं वाटीभर रंगात डिंक कालवला, अंगातल्या पांढऱ्या फ्रॉकचा घेर टेबलावर पसरला आणि पानाचा ठसा दाबला.

उमटलं काय, तर मळकट राखाडी.

"चुलीतली राख पुसलीस वाटतं?" भंगारवाला खदखदून हसला. मला हसू आलं नाही. मी मनात म्हटलं, थांबा, ठसा वाळू तर द्या!

भिंगरी उन्हात जाऊन उभी राहिली. वारं लागलं तसा ठसा गडद होत गेला. बघता बघता पानाची शीर न् शीर काळीभोर उठून दिसू लागली. आत्यानं साबण आणला आणि फ्रॉक खसाखसा चोळला. फेस गेला, पान तिथंच.

"डाग आहे हा," आत्या पुटपुटली. "पक्का डाग."

"पक्का आहे ना? मग रंगच की!"

आत्यानं पानावर अंगठा घासून पाहिला.

"ताई, नेऊ ना कढई?" भंगारवाल्यानं विचारलं.

मित्रांनो, आता तुम्हाला वाटेल, ही म्हातारी म्हणेल, मला घासा, मला चमकवा. मुळीच नाही! मला लखलखीत करून फळीवर मांडू नका. तांब्याचं काम माझ्याकडून मागू नका आणि ते जमलं नाही म्हणून मला फेकूही नका. माझ्या अंगात जे आहे ते मला करू द्या. वापरा आणि कोरडी पुसून ठेवा. एवढी काळजी पुरे.

आणि भिंगरी? आत्याच्या उत्तराची वाट बघत ती उभी राहिली नाही. ओल्या फ्रॉकनिशी ती आत धावली, टेबलावर पांढऱ्या कापडाचा अख्खा तागा उलगडला आणि ठसा वाटीतल्या माझ्या रंगात बुडवून पहिल्या कोपऱ्यावर दाबला. मग त्याच्या शेजारी दुसरा.