मनोआबुवाचा पाण्यातला सैतान

बसा इथं चटईवर, घ्या ही करवंटी, यांगोना प्या, आमचं मुळांचं पेय. आमच्या फिजीतल्या ह्या बेटावर सैतान कसा सापडला, ते सांगतो.

"नळाच्या पाण्यात सैतान आहे!" सभाघरात मनोआबुवा गरजत होता. राजधानीहून, सुवाहून आलेलं ध्यान. समोर दोन पेले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात ह्याचं 'पवित्र'. विजेच्या खोक्याला लोखंडाच्या दोन कांड्या. नळाच्या पाण्यात बुडवल्या की घटकेत तांबडं-हिरवं गटार! पवित्र पाणी मात्र जसंच्या तसं.

"अगं बाई!" बायकांनी तोंडावर हात ठेवले.

"टाकीत क्लोरीन घालता ना? तेच सैतानाचं खाद्य! बंद करा!"

एका बाटलीला एक विणलेली चटई घ्यायचा हा भामटा, आणि आमच्याकडं चटई म्हणजे सोनंच. माझ्या सुनेनं, असेनाकानं, लग्नातली चटई दिली आणि ते पाणी माझ्या तान्ह्या नातीला पाजलं. पोरीला जुलाब लागले, डोळे खोल गेले. बुवा म्हणतो, "सैतान बाहेर पडतोय!" पडतोय कसला डोंबल! पोरगीच हातची जायची वेळ आली.

लोक क्लोरीन बंद करायला उठलेच होते, तेवढ्यात आमची नर्स विलिमाइना पुढं झाली.

"बुवा, तुमच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकते."

"पवित्र पाण्याला हात लावू नकोस, पोरी!"

"का हो, तुमचं पावित्र्य मिठाला भितं?" मी विचारलं. सगळे हसले.

तिनं मीठ टाकलंच. कांड्या बुडवल्या, आणि बुवाच्या पाण्याचंही गटार!

"हा कांड्यांचा गंज," ती म्हणाली. "पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं. ह्याचं पाणी पावसाचं, त्यात क्षारच नाहीत. एवढीच करामत."

असेनाका रडकुंडीला आली. "म्हणजे मी पोरीला पाजलं ते पाणी चांगलंच आहे ना, ताई?"

"नुसतं बघून कसं कळणार?" विलिमाइनानं तपासणीचं औषध असलेल्या दोन बाटल्या काढल्या, एकीत नळाचं, दुसरीत बुवाचं पाणी भरलं. "ज्यात घाणीतले जंतू असतील, ते उद्यापर्यंत काळं पडेल."

दुसऱ्या दिवशी नळाचं पाणी निवळशंख, बुवाचं डांबर! चर्चच्या पत्र्यावरून, वटवाघळांच्या लेंड्या धुऊन आलेलं पाणी पाजत होता मेला. चटया घेऊन पहिल्या होडीनं पसार झाला.

नात वाचली, पाणी उकळून त्यात साखर-मीठ घालून विलिमाइनानं रात्रभर चमच्यानं पाजलं म्हणून.

तुमच्याकडं पाणी तपासायला कुणी आलं, तर दारातून हाकलू नका. बाटली भरून द्या, आणि काय निघालं ते दुसऱ्या दिवशी जाऊन विचारा. एवढं माझं ऐका.