कडी नसलेला दरवाजा

मी एक जुना सागवानी दरवाजा आहे. मित्रांनो, हल्ली मला चौकटीसकट एका भिंतीवर बसवले आहे. माझ्यामागे खोली नाही. दरवाजाच्या जातीला याहून मोठी बढती नसते म्हणतात.

पूर्वी मी पंतप्रधानांच्या खोलीला होतो. साहेबांनी आल्या आल्या सुताराला बोलावून माझी कडी काढून टाकली. ज्याला काम असेल त्याने ढकलावे आणि आत यावे. लोक यायचे, भांडायचे, जाताना मला आपटायचे. शेजारच्या देशाशी युद्धाची भाषा सुरू झाली, तेव्हा तिकडचा राजदूत भर दुपारी, वेळ न घेता, मला ढकलून आत शिरला. दोघे बाहेर पडले तेव्हा लढाई टळली होती. वर्तमानपत्रांनी साहेबांची पाठ थोपटली. बिजागऱ्यांना कोण विचारतो?

साहेब गेले. नंतरचे म्हणाले, जग बदलले. सीमेवर कुंपण आले, कचेरीत काचेची दारे आली. ती पास दाखवल्यावरच उघडतात. मी अडगळीत पडलो. वाळवीने तेवढे मुक्तद्वार धोरण चालू ठेवले.

मग साहेबांचे स्मारक ठरले. मला पॉलिश केले आणि पितळेची नवी कडी ठोकली, तीही बाहेरून, लोकांना दिसावी म्हणून. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेबांची लेक आली. कडी पाहून तिचा चेहराच उतरला.

"ही काढा. बाबांना कडी नको होती."

स्मारकाच्या व्यवस्थापकांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिले, कडीविना दार उघडेबोडके दिसते हेही समजावले.

"ताई, मागे भिंतच आहे. कडी असली काय, नसली काय."

"मग नसू दे ना."

"समितीची पसंती आहे हो. काढली तर भोकं दिसतील."

"दिसू देत. तेवढंच खरं दिसेल."

समितीला विचारतो, असे ते म्हणाले. समितीने विचार केला, आणि पंख्याच्या वाऱ्याने मी हलतो म्हणून कडी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी नव्या पंतप्रधानांनी साहेबांचे दार सर्वांना कसे उघडे असे, ते सांगितले आणि हार घातला. अडकवायला कडी बरी पडली.

सारे पांगल्यावर लेक पुढे आली. तिने हार काढला, कडी सरकवली, मला उघडले. समोर ताजा गिलावा. तिने त्यावर हात ठेवला आणि मला तसेच उघडे टाकून निघून गेली.

मित्रांनो, थोरामोठ्यांच्या दारांना पॉलिश करू नका. स्वतःचे दार वाजले तर आधी उघडा, मग काय काम ते विचारा. माझे म्हणाल, तर रखवालदार येतो आहे. त्याला दार उघडे दिसले की चैन पडत नाही.