नळाशेजारची वेल

मी गोडीमापक बोलतोय. वीतभर लांबीची नळी, एका टोकाला तिरपी काच, दुसऱ्या टोकाला डोळा लावायची जागा. काचेवर रसाचे दोन थेंब टाका, झाकण मिटा आणि मला उजेडाकडे धरा. आत वर निळं दिसतं, खाली पांढरं. दोघांची हद्द ज्या आकड्यावर, तितकी रसात साखर. एवढंच माझं शिक्षण, पण तेवढ्यावर मी बरीच वर्षं ऐटीत काढली.

मला विकत आणलं पुतण्याने. लाल वाइनच्या द्राक्षांचा हा मळा त्याच्या काकांचा. काका गेले, कारभार पुतण्याकडे आला, आणि काकू होती तिथेच राहिली, म्हणजे वेलींमध्ये. काकू द्राक्ष तोंडात टाकायची, साल चघळायची, बी तळहातावर घेऊन तिचा रंग बघायची. बी हिरवी असली की म्हणायची, "अजून नाही."

"काकू, तुझी जीभ सकाळी एक सांगते, संध्याकाळी दुसरंच," पुतण्या म्हणायचा. "ह्याचा आकडा बघ कसा स्वच्छ."

हे ऐकून मी फुगायचो. खोटं कशाला बोलू?

माझ्या काचेवर द्राक्षांच्या नाना जातींची मंडळी येऊन गेली. मर्लो सगळ्यात आधी गोड होते. गोलमटोल, मऊ सालीची, कोणाशीही जमवून घेणारी, त्यामुळे पुतण्याची लाडकी. पिनो फार नाजूक, ऊन जरा जास्त झालं की रुसते. झिनफँडेलचा तर एकाच घडात सावळागोंधळ, एक मणी हिरवा, शेजारचा मनुका झालेला, मी कोणाचं ऐकू? शिराज काळीभोर, गोडीमागून जिभेला मिऱ्यासारखा चटका देणारी.

आणि कॅबर्ने. मणी बारीक, साल जाड, बिया मोठ्या, स्वभाव हट्टी. सगळ्यांची तोडणी उरकली तरी हिची आंबट मान वरच. पण काकू सांगायची, पिंपात सगळ्यात जास्त टिकते ती हीच. तिच्या चार रांगा काकांनी स्वतःच्या हाताने लावल्या होत्या. काकू रोज दुपारी तिथे जाऊन बसायची. विचारलं तर म्हणायची, "सावली बरी आहे." वेली तिच्या कमरेएवढ्या, सावली कसली डोंबलाची.

त्या वर्षी कॅबर्ने एकोणिसावर अडून बसली. दर दोन दिवसांनी पुतण्या यायचा, मणी चुरडायचा, मला डोळा लावायचा. एकोणीस. पुन्हा एकोणीस. हवे होते चोवीस.

"आत जाऊन बघ की," काकू म्हणायची. "मधल्या वेलींचं चाख."

"आत चिखल आहे, काकू."

चिखल होता हे खरं. रांगेच्या तोंडाशी हात धुवायचा नळ होता आणि तो दोन वर्षं गळत होता. काकूने दुरुस्तीचं दहादा सांगितलं, पुतण्याने दहादा कानाआड केलं. त्याचे बूट पांढरे होते. म्हणून तो वाटेवरच उभा राहून हात लांबवायचा आणि पहिल्याच वेलीचे चार मणी तोडायचा. त्या वेलीची मुळं रात्रंदिवस नळाचं पाणी पीत होती. मग मणी पाणचट होणार नाहीत तर काय? हे मला तेव्हा कळलं नाही. काचेवर पडलं ते मी वाचलं आणि छाती काढून सांगितलं.

शेवटी पुतण्या म्हणाला, "काकू, ह्या चार रांगा काढून टाकू. तळं खोदायला मशीन येतंच आहे, जाता जाता हेही उरकेल. इथे मर्लो लावतो."

काकूने पदराने माझी काच पुसली आणि मला रांगेच्या तोंडाशी असलेल्या खांबाच्या खिळ्याला टांगलं. माझ्यावर रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मशीनवाला आला तो गाल धरूनच. त्याची एक दाढ किडली होती. पुतण्याचा फोन चालू होता, म्हणून तो थांबून राहिला. काकू त्याला म्हणाली, "उन्हात कशाला उभा राहतोस? त्या रांगेत मध्यावर जाऊन बस. भूक लागली तर खा, नाहीतरी उपटायचीच आहेत."

तो चिखल तुडवत आत गेला. थोड्या वेळाने आतून जी आरोळी आली, तिने पुतण्याचा फोन बंद झाला.

"साहेब," गाल दाबत मशीनवाला म्हणाला, "ही आंबट आहेत असं कोण म्हणालं? माझी दाढ साखरेशिवाय एवढी ठणकत नाही."

पुतण्याने माझ्याकडे बघितलं, मग बुटांकडे. मग मला खिळ्यावरून काढून गुपचूप चिखलात शिरला. घोट्यापर्यंत रुतत मधल्या वेलींपाशी पोचला, मणी चुरडले आणि मला वर धरलं. साडेचोवीस. त्याने काच पुसून पुन्हा बघितलं, दुसऱ्या रांगेतलं बघितलं, तिसऱ्या, चौथ्या. कुठेच चोवीसच्या खाली नाही. काकूने एक बी त्याच्या तळहातावर ठेवली. तपकिरी होती.

एका किडक्या दाढेने मला तोंडघशी पाडलं. माझी सगळी ऐट त्या चिखलात गेली.

मशीन तळं खोदून परत गेलं. पुतण्याने नळ दुरुस्त केला आणि खजील होऊन म्हणाला, "निदान ही नळाजवळची तरी काढू. हिच्यामुळेच घोटाळा झाला."

"राहू दे," काकू म्हणाली. "तिचं काय चुकलं? तिला विचारलं, तिने स्वतःचं सांगितलं. बाकीच्यांना तू विचारलंसच कुठे?"

ती हे वेलीबद्दल बोलली, पण मी ते माझ्याही पदरात पाडून घेतलं.

आता माझी काच चरे पडून धुरकट झाली आहे. एकदा पुतण्याने मला काकूच्या हातात दिलं. तिने डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्यात द्राक्ष कुठे आहे रे?"

तुमच्या हाती कधी माझ्यासारखा कोणी आला, तर त्याच्यावर विश्वास जरूर ठेवा. फक्त आधी बूट मळवा.